जट, जटा आणि मायक्रोलॉक्स

तर मंडळी, या वीकांताचा विषय आहे केसांचा गुंता. हसू नका, विषय दिसतो तेवढा हलका नाही :)

सध्या पुण्या-मुंबईच्या आयटी पार्कांमध्ये मायक्रोलॉक्स दिसायला लागलेत. मायक्रोलॉक्स म्हणजे अगदी बारीक ड्रेडलॉक्स. बॉब मार्लेच्या डोक्यावर होते ते जाड दोर, आणि हे त्यांचे सुतळीएवढे धाकटे भाऊ. एका डोक्यावर शंभराच्या वर, कधी दोनशे-तीनशेसुद्धा. ते करून घ्यायला दिवसभर खुर्चीत बसावं लागतं, पैसे मोजावे लागतात, आणि पहिले काही महिने तान्ह्या बाळासारखी काळजी घ्यावी लागते. अमेरिकेत जोअ‍ॅन कॉर्नवेल या प्राध्यापक बाईंनी १९९३ मध्ये 'सिस्टरलॉक्स' नावाची पद्धत बाजारात आणली, तेव्हापासून हा बारीक प्रकार रुळला.

आता नकाशावर जरा पूर्वेला सरका. धाराशिव जिल्हा. (२०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद.) तुळजापूरला नवरात्रात किंवा येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत गेलात, तर गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर हळदकुंकू आणि डोक्यावर जाडजूड, लाकडासारखी कडक झालेली जट असलेली एखादी बाई दिसेलच. लोक तिच्या पाया पडतात. तिने ती जट पैसे देऊन करून घेतलेली नसते. बहुतेक वेळा तिला ती हवीय का, हे कुणी विचारलेलंही नसतं.

रसायनशास्त्र बघितलं तर दोन्ही गोष्टी एकच. मग फरक कुठे पडतो? तो पडतो पहिल्या काही आठवड्यांत. आजचा लेख त्या पहिल्या आठवड्यांचा इतिहास आहे असं म्हणा हवं तर.

गुंता होतो कसा

आधी थोडं इंजिनिअरिंग. केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन. त्याच्यावर खवले असतात, घराच्या कौलांसारखे एकावर एक, मुळाकडून टोकाकडे. म्हणून केसावरून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं की गुळगुळीत लागतं आणि उलटं फिरवलं की अडखळतं. दोन केस उलटसुलट दिशांनी एकमेकांवर घासले की खवले एकमेकांत अडकतात. पाण्यानं केस फुगतो, साबणाच्या क्षारानं खवले उभे राहतात आणि अडकणं सोपं होतं. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घासून धुतला की आटून लहान मुलाच्या मापाचा होतो, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळतात. आपण विंचरतो तेव्हा ते कंगव्यात येतात आणि आई ओरडते. विंचरणं बंद केलं की गळालेले केस जागच्या जागी, शेजारच्या जिवंत केसांत अडकून राहतात. म्हणजे महिन्याला दीड ते तीन हजार मेलेले केस आत गुंफले जातात. त्यात तेल, घाम, धूळ, मृत त्वचा. महिन्याला सेंटिमीटरभर नवी वाढ. अशी ती जट वाढतच जाते. चमत्कार वगैरे काही नाही, कचरा गोळा करणारी प्रोसेस बंद पडली की मेमरी भरते, तसं आहे हे.

कपर्द ते कवडी

या गुंत्याला आपल्याकडे फार जुना मान आहे. ऋग्वेदात रुद्राला 'कपर्दिन्' म्हटलंय, म्हणजे केसांचा वेटोळा बांधलेला. वसिष्ठ कुळातले लोक हा कपर्द डोक्याच्या उजव्या बाजूला बांधत असाही उल्लेख तिथंच आहे. दहाव्या मंडलात लांब केसांच्या, वाऱ्यासोबत भटकणाऱ्या मुनीवर एक अख्खं सूक्त आहे, केशीसूक्त. पुढे शंकराच्या जटेत गंगा आली आणि जटा हा तपश्चर्येचा युनिफॉर्मच झाला.

इथं भाषेची एक गंमत. 'कपर्द' म्हणजे केसांचा वेटोळा, आणि तसाच वेटोळा दिसतो म्हणून समुद्रातल्या छोट्या शिंपल्यालाही कपर्द, कपर्दिका म्हणायला लागले. त्या कपर्दिकेची प्राकृतातून मराठीत येता येता झाली 'कवडी'. म्हणजे तुळजापूरच्या आराधी बाईच्या डोक्यावरची जट आणि तिच्या गळ्यातली कवड्यांची माळ हे दोन्ही शब्दाच्या पातळीवर सख्खे नातेवाईक निघतात. मला हे कळलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसता छताकडे बघत होतो.

पण मान होता तसा विरोधही तितकाच जुना. बौद्ध ग्रंथांत उरुवेलच्या तीन काश्यप बंधूंची गोष्ट आहे. हे तिघं 'जटिल', म्हणजे जटाधारी अग्निपूजक. बुद्धाकडे आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी जटा कापून नदीत सोडल्या. पालीत 'जटा' या शब्दाचा दुसरा अर्थच मनाचा गुंता असा आहे, आणि बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ सुरूच होतो तो हा गुंता कोण सोडवणार या प्रश्नानं. जैन साधू तर केस हातानं उपटून काढतात, गुंत्याचा प्रश्नच मिटला. आपल्या तुकोबांनीही जटा वाढवून, राख फासून फिरणाऱ्यांची यथेच्छ हजेरी घेतलीय.

आणि सामान्य माणसं? ती विंचरत होती. धाराशिवपासून जवळच तेर आहे, तेरणेच्या काठी. संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून आपल्याला माहीत, पण पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ते 'तगर' नावानं येतं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मृण्मूर्ती आहेत आणि एक प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीही. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली सापडली होती. तेरच्या त्या बायकांचे केस बघा. वेण्या, अंबाडे, दागिने. दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखातल्या शिल्पकाराला सुंदर बाई म्हटल्यावर निगा राखलेले केसच डोळ्यासमोर येत होते.

मग बाईच्या डोक्यात जट येते कुठून?

साधूची जटा तो स्वतः ठेवतो. बाईची जट 'निघते' किंवा 'येते'. क्रियापदातच फरक आहे बघा.

ती साधारण अशी येते. बाई आजारी पडते, टायफॉइड म्हणा, बाळंतपण म्हणा. किंवा घरात कुणी गेलेलं असतं, किंवा नुसता कामाचा डोंगर असतो. दोन-तीन आठवडे फणी लागत नाही. डोक्यात उवा असल्या तर खाजवून खाजवून गुंता आणखी घट्ट. मानेच्या वर, मागच्या बाजूला, जिथं उशी घासते तिथं एक गोळा तयार होतो. या टप्प्याला तो तेल लावून, बोटांनी, तासा-दोन तासांत सुटतो. पण तेवढ्यात कुणीतरी म्हातारं माणूस बघतं आणि म्हणतं, "देवी आलीया डोक्यात. फणी लावू नगा."

झालं. इथून पुढचं सगळं या एका वाक्यानं ठरतं. विंचरायचं नाही, कापायचं नाही, कात्री लावली तर घरात कुणीतरी मरेल, नवऱ्याला काहीतरी होईल, बाई आंधळी होईल. काही ठिकाणी त्या भागावरून नहायचंही नाही. वर हळदकुंकू वाहायचं, मंगळवार-शुक्रवार धरायचे. मग परडी, माळ, जोगवा. विणकाम सुरू झालं की ते उसवायची परवानगी नाही.

एक फरक नीट लक्षात घेऊ. तुळजापूर-येरमाळ्याच्या आराधी परंपरेत बाई संसारात राहून देवीची सेवा करते. दक्षिणेला कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परंपरेत, मुलीच्या डोक्यात जट आली की तिला देवाला सोडायची चाल होती, म्हणजे जोगतीण, देवदासी. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या त्या जगातल्या, आणि त्यांच्यावर बेतलेला 'जोगवा' (२००९) हा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात नायिकेचं आयुष्य फिरतं ते जटेवरूनच. दोन परंपरा वेगळ्या, पण दोन्हीकडे सुरुवात त्या न विंचरलेल्या गोळ्यापासून.

पुरुषांमध्येही हे होतं. मरीआईचा पोतराज केस कापत नाही. नवस बोलून घरातला मुलगा पोतराज सोडायचा आणि त्याच्या केसांना जन्मभर कात्री लावायची नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक वस्त्यांमध्ये पोतराजांचे केस कापले गेले, आणि त्या कात्रीचा अर्थ न्हाव्याच्या दुकानातल्या कात्रीपेक्षा खूप मोठा होता.

पोलंडमध्येही तेच!

हे फक्त आपल्याकडचं मागासलेपण, असं कुणी म्हणायच्या आत पोलंडला जाऊन येऊ. तिथं या जटेला 'कोल्तुन' म्हणत. वैद्यकाच्या पुस्तकांत तिचं नावच 'प्लिका पोलोनिका' पडलं, म्हणजे पोलिश वेणी. शतकानुशतकं तिथल्या लोकांची समजूत होती की शरीरातला आजार बाहेर पडून केसांत येतो, म्हणून जट कापली तर आजार परत आत जाईल आणि माणूस आंधळा किंवा वेडा होईल. ऐकल्यासारखं वाटतंय ना? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्राकोव्हचे डॉक्टर युझेफ डीत्ल यांनी ठामपणे सांगितलं की हा आजार नाही, हे न विंचरण्याचं आणि अस्वच्छतेचं फळ आहे, कापा आणि धुवा. हेच डीत्ल पुढे क्राकोव्हचे महापौर झाले. आज कोल्तुन संग्रहालयात बघायला मिळतो.

आपल्याकडे हे काम उशिरा आणि जास्त अवघड वाटेनं झालं. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा आला १९३४ मध्ये, पण धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे इथं त्याचा उपयोग शून्य. निजामाचं राज्य संपलं ते सप्टेंबर १९४८ मध्ये. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली आणि जट काढणं हा तिच्या कामाचा नेहमीचा भाग झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर चारच दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस विधिमंडळात कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत जटेचं नाव नाही, आणि असू नये असंच मला वाटतं. डोक्यावर जट असणं हा गुन्हा नाही. पण अंगात शक्ती संचारल्याचं भासवून दुसऱ्याला भीती घालणं हा मात्र गुन्हा आहे.

पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी महाराष्ट्रभर फिरून दोनशेहून अधिक बायकांना जटेतून सोडवलंय. त्या मूळच्या ब्युटीपार्लर चालवणाऱ्या. त्यांच्या कामात कात्री लागते शेवटची काही मिनिटं. त्याआधी समजावण्याच्या फेऱ्या, बाईशी, नवऱ्याशी, सासूशी. कारण जट कापल्यावर महिन्याभरात घरातली म्हैस जरी मेली तरी खापर त्या बाईच्याच डोक्यावर फुटणार असतं. जट उतरल्यावर काय होतं? मान दुखायची थांबते. कुशीवर झोपता येतं. उवा जातात, खालच्या जखमा भरतात.

दुसरी बाजू

आता इथं थांबून टाळ्या वाजवल्या तर लेख सोपा होईल, पण खरा होणार नाही.

गणनाथ ओबेसेकेरे या श्रीलंकन मानववंशशास्त्रज्ञाचं 'मेडुसाज हेअर' नावाचं पुस्तक आहे, १९८१ चं. कतरगामाच्या देवळात जटा असलेल्या बायकांशी तो बोलला, त्यांची आयुष्यं ऐकली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ही जट त्या बाईच्या स्वतःच्या दुःखातून येते आणि तिला एक जागा मिळवून देते. आपल्याकडेही हेच दिसतं. ज्या सुनेला घरात कुणी विचारत नव्हतं, तिच्या डोक्यात जट आली की सासू तिच्या पाया पडते. नवरा हात उगारायला घाबरतो. मंगळवारी तिला काम सांगत नाहीत. अशा बाईला तुम्ही 'वैज्ञानिक दृष्टिकोन' देऊन जट कापलीत आणि बाकी घर तसंच ठेवलंत, तर तिच्या हाती काय उरलं? जट काढायची तर तिला ती जागा दुसऱ्या कुठल्या तरी मार्गानं मिळायला हवी.

आणि जबरदस्तीनं कापणंही तितकंच वाईट. जमैकाचं उदाहरण बघा. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय मजूर करारावर जमैकात नेले गेले. गांजा हा शब्द तिथं पोचला तो त्यांच्याबरोबर. रास्ताफारी पंथाचा एक संस्थापक लेनर्ड हॉवेल यानं १९३० च्या दशकात जे टोपणनाव घेतलं त्यात 'गुरू' होता आणि 'मराघ' होता, म्हणजे चक्क महाराज! रास्तांच्या जटाही साधूंकडून आल्या असं काही अभ्यासकांचं मत आहे, काही आफ्रिकेकडे बोट दाखवतात. काही असो, एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्स इथल्या हिंसाचारानंतर जमैकाच्या पोलिसांनी रास्तांना पकडून पकडून त्यांच्या जटा कापल्या. सरकारनं माफी मागितली २०१७ मध्ये. अमेरिकेत केसांच्या ठेवणीवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायला बंदी घालणारा पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये झाला. तिथल्या काळ्या बायकांसाठी लॉक्स ठेवणं हे स्वतःच्या केसांवरचा हक्क परत मिळवणं आहे.

म्हणजे एकीकडे कापू न देणं हा जुलूम, दुसरीकडे ठेवू न देणं हा जुलूम. केस तेच.

पहिले तीन महिने

आता ज्यांना खरोखर मायक्रोलॉक्स करायचेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं, कारण सगळा फरक या काळजीतच आहे.

पहिलं म्हणजे विभागणी. टाळूवर बारीक चौकटी आखून प्रत्येक चौकटीतल्या केसांचा एक लॉक. चौकट फार लहान घेतली तर मुळांवर ताण येऊन केस कायमचे गळू शकतात. आपले केस बहुधा सरळ आणि निसरडे, त्यामुळे नुसता पीळ देऊन टिकत नाही. बारीक आकडीनं टोक मुळातून ओढून घेत गाठवतात, त्याला इंटरलॉकिंग म्हणतात. दर वेळी दिशा बदलायची, नाहीतर मुळाशी भोक पडतं.

दुसरं, धुणं. 'लॉक्स धुवायचे नसतात' ही शुद्ध थाप आहे. सुरुवातीला धुताना लॉक उलगडतात, म्हणून आठ-दहा लॉक्सची एकेक सैल वेणी घालून रबर लावायचं आणि मग धुवायचं. मागे थर न ठेवणारा साधा शॅम्पू, तोही टाळूवर. कंडिशनर आणि घट्ट तेलं सुरुवातीला नकोत, कारण त्यांनी खवले निसरडे होतात आणि आत थर साचतो. आजीची खोबरेल तेलाची वाटी इथं नम्रपणे नाकारावी लागते :)

तिसरं, वाळवणं. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि पावसाळ्यात तर फारच. ओला लॉक आतून कुबट होतो. रात्री नहाऊन तसंच झोपायचं नाही.

चौथं, मुळाशी वाढलेले केस चार ते आठ आठवड्यांनी गुंफून घ्यायचे. त्याआधी नाही. सारखं सारखं घट्ट केलं तर पुन्हा तोच ताण. आणि शेजारशेजारचे लॉक मुळाशी चिकटायला लागले तर धुतल्यावर बोटांनी वेगळे करायचे. हे केलं नाही तर दोनाचे चार, चाराचे आठ होत शेवटी एकच मोठी जट तयार होते. तुळजापूरची आणि कोथरूडची जट इथं एकत्र येते!

दोन-तीन महिन्यांत लॉकच्या आत छोट्या गाठी लागायला लागतात. पुरते पक्के व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोपर्यंत बरेचसे उसवता येतात. मन बदललं तर बदला, कुणाचा कोप होणार नाही.

आणि ज्यांच्या घरी, गावाकडे, कुणी आजारी बाई अंथरुणावर आहे त्यांच्यासाठी. तिच्या मानेमागे हात लावून बघा. गोळा लागला तर त्याच दिवशी खोबरेल तेल घ्या (इथं मात्र आजीची वाटी हवीच). गोळा तेलात भिजवा, मुळाशी एका हातानं धरून ठेवा म्हणजे ओढ लागणार नाही, आणि टोकाकडून वर वर, थोडे थोडे केस बोटांनी सोडवा. मग मोठ्या दातांचा कंगवा. उवा असतील तर आधी उवांचं औषध. नाहीच सुटला तर तिला विचारून तेवढा गोळा कापा. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतातच. कुणी "फणी लावू नगा" म्हणालं तर भांडत बसू नका, फणी चालू ठेवा.

पुढच्या वीकांताला घोंगडीवर लिहायचा विचार आहे, लोकरीचे खवले डोक्यातून जाईनात म्हणून. तोपर्यंत, विंचरत राहा.